उतारवयांतील सेवा

खेडोपाडींच्या मंडळ्यांतून एक प्रश्न आमच्या कानीं वारंवार येतो. एखाद्या उपदेशकानें तीस-चाळीस वर्षें ऊनपाऊस न पाहतां गांवोगांव हिंडून काम केलेलें असतें. पुढें गुडघे धरतात, दृष्टि मंदावते, आणि ओसरीवर बसल्या बसल्या तो म्हणतो, "आतां माझा काय उपयोग?" त्याची बायको तर जन्मभर चूलपाणी व आलागेला यांतच गुंतलेली, आपण कांहीं सेवा केली असें तिच्या मनांतहि येत नाहीं. शक्ति ओसरली म्हणजे सेवा संपते काय? आणि जें काम आज केलें तरी उद्यां पुन्हां तसेंच पुढें उभें राहतें, त्यास सेवा म्हणावें काय? ह्याचा विचार करण्यासाठीं परदेशांत म्हातारें झालेल्या एका जोडप्याचें जीवन वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

रॉबर्ट मोफॅट हे स्कॉटलंडांतील, धंद्यानें माळी. १८१७ सालीं ते लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीनें दक्षिण आफ्रिकेंत आले. १८१९ च्या डिसेंबरांत केपटाउन येथें मेरी स्मिथ ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पुढें कुरुमान येथें त्स्वाना लोकांमध्यें त्यांनीं बिऱ्हाड थाटलें. आणि १८३९ पासून १८४३ पर्यंतचा स्वदेशांतील काळ सोडला, तर १८७० पर्यंत तेंच त्यांचें घर होतें.

त्या भागांत पाऊस बेभरंवशाचा. म्हणून मोफॅट साहेबांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं लांबून पाट खणून बागेंत पाणी आणलें. पाट एकदां खणून भागत नाहीं, हें आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. त्यांतून सुरवातीच्या वर्षांत गांवच्या बायका वरच्या अंगास पाट फोडून पाणी आपल्या मळ्यांकडे वळवीत. मग साहेबांनीं खोरें घेऊन निघावें, पाट बांधावा, व रात्रीं जागून बाग भिजवावी. त्यांस ह्याचा फार त्रास होई. परंतु ती भूमि मूळची त्या बायकांच्याच लोकांची होती, हेंहि आपण ध्यानांत घेतलें पाहिजे. परमुलुखांत सेवा करणारा कितीहि चांगला असला, तरी तो प्रथम पाहुणा असतो. आणि पाहुण्यास धीर धरावाच लागतो.

घरांत मेरीबाईंचें कामहि असेंच न संपणारें. दुसऱ्या एका मिशनरी बाईस जमीन शेणानें सारवितांना त्यांनीं प्रथम पाहिलें, तेव्हां त्यांस किळस आली, व आपण हें कधीं करणार नाहीं असें त्यांनीं मनाशीं ठरविलें. पण थोड्याच काळांत त्यांनीं इंग्लंडांतील आपल्या माणसांस कळविलें कीं, धूळ बसविण्यास व पिसवा मारण्यास ह्यासारखा दुसरा उपाय नाहीं. शनिवार उजाडून सारवण केव्हां होतें, असें त्यांस होऊन जाई. हें वाचून आमच्या भगिनींस हंसूं येईल. परंतु ह्यांत मोठा अर्थ आहे. शिकविण्यास आलेल्या बाईनें आधीं शिकून घेतलें, आणि ज्याची किळस आली होती तेंच हातीं घेतलें. अभिमान मोडण्याचें हें काम व्याख्यानपीठावर होत नाहीं. तें पुष्कळदां शेणाच्या पाटीपाशींच होतें.

कोणी म्हणेल, "हीं तर घरकामें, ह्यांत देवाचें काम कोणतें?" ह्यास आमचें उत्तर असें. कुरुमान येथें कित्येक वर्षें एकहि मनुष्य विश्वास धरीना. अशा वेळीं एका मैत्रिणीनें मेरीबाईंस विचारलें, "तुमच्यासाठीं काय पाठवूं?" त्यांनीं प्रभुभोजनाचीं पात्रें मागितलीं. भोजनास बसणारा तर अजून कोणीच नव्हता! परंतु १८२९ सालीं पहिल्या कांहीं जणांचा बाप्तिस्मा झाला, आणि तीं पात्रें पहिल्या प्रभुभोजनाच्या ऐन तोंडावर येऊन पोहोंचलीं. सारवण करणारे हात आणि हीं पात्रें मागणारे हात एकच होते. रोजच्या कामाला जी आशा धरून बसते, तिच्यामुळेंच तें काम सेवा ठरतें.

ह्याच घरांत बसून मोफॅट साहेबांनीं त्स्वाना भाषेंत पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. १८४० सालीं नवा करार छापून निघाला, व १८५७ सालीं जुन्या कराराचें काम पुरें झालें. तोंवर त्यांची साठी उलटली होती. आतां विसांवा घेतला असता तर कोणी दोष दिला नसता. पण १८५९ सालीं तरुण मिशनऱ्यांस घेऊन ते दूर उत्तरेस, आजच्या झिंबाब्वेंतील इन्याती येथें नवें ठाणें बसविण्यास गेले. १८६२ सालीं मुलगी मेरी, जी डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांची पत्नी, ती झांबेझी नदीच्या कांठीं वारली. त्याच वर्षीं मुलगा रॉबर्टहि गेला. एवढें दुःख झाल्यावरहि वृद्ध जोडपें कुरुमान सोडून गेलें नाहीं. उपासना, शाळा, आल्यागेल्याची विचारपूस, हा क्रम पुढेंहि चालूच राहिला.

वृद्ध सेवकापुढें दोन मोह असतात, असें आम्हांस दिसतें. एक, "माझ्यानें आतां कांहीं होत नाहीं" असें म्हणून हातपाय गाळणें. दुसरा, "माझ्यावांचून कांहीं चालत नाहीं" असें मानून जागा अडवून बसणें. पहिल्यांत निराशा आहे, दुसऱ्यांत अभिमान. आणि दुसरा अधिक घातक, कारण तो निष्ठेचा वेष घेऊन येतो. १८७० च्या मार्चांत उभयतां चौऱ्याहत्तर वर्षांचीं असतां कुरुमान सोडून निघालीं. पन्नास वर्षांचा देश, ओळखीचीं माणसें, स्वतःच्या हातांनीं लावलेलीं झाडें, हें सर्व सोडणें किती जड गेलें असेल! परंतु मुलगा जॉन आधींपासूनच तेथें त्यांच्या हाताखालीं काम पाहत होता. त्याच्या हातीं तें सोंपवून तीं गेलीं. चालविणें ही जशी सेवा, तशी सोंपविणें हीहि सेवाच.

पुढच्या जानेवारींत, १८७१ सालीं, मेरीबाई इंग्लंडांत वारल्या. तेव्हां साहेब म्हणाले कीं, पन्नासांहून अधिक वर्षें आपणासाठीं प्रार्थना करणारी ती होती. भाषांतरावर मोफॅट साहेबांचें नांव आहे. त्यामागील त्या प्रार्थनांची, त्या चुलीची व त्या सारवणाची त्यावर नोंद नाहीं. ते स्वतः १८८३ सालीं वारले. १८३८ सालीं उघडलेलें कुरुमानचें दगडी उपासनामंदिर अजून उभें आहे.

तर बंधूंनो, ओसरीवर बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या उपदेशकाकडे जा. त्याच्याजवळ तरुण मास्तरास बसवा, व कोणत्या घरीं कोणतें दुःख आहे हें त्यास विचारून घेऊं द्या. तीं घरें जितकीं त्यास ठाऊक, तितकीं दुसऱ्या कोणास नाहींत. आणि घरांत जाऊन त्याच्या बायकोचेहि आभार माना. इतक्या वर्षांत ते कोणी मानले नसतील.