खुर्चीला चेहरा असावा काय?

नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या पुलाशी कोल्हार लागते. भगवतीच्या देवळामुळे हे गाव सर्वत्र ठाऊक आहे. पण गावातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी देवाच्या तसबिरीखालोखाल काय जपले जाते असे विचाराल, तर उत्तर येईल, सातबाऱ्याचा उतारा! गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून झालेला हा कागद. त्यावर नाव आहे तोवर माणसाच्या पायाखाली जमीन आहे.

हे नाव लिहिणारा हात पूर्वी कुलकर्ण्याचा असे. तो पिढीजात, गावचाच. कोणाच्या घरी चूल पेटली नाही हेही त्याला ठाऊक. त्याच्याजवळ दया असे. परंतु दया असली म्हणजे मर्जीही आलीच, आणि मर्जीला नेहमी आपले-परके असतात. पुढे पगारी, बदलीचा तलाठी येऊ लागला आणि १९५० साली मुंबई राज्याने कायद्याने कुलकर्णी वतने मोडली. गावाने ओळखीचा माणूस गमावला आणि नियम मिळवला.

हाच सौदा अमेरिकेला फार महाग पडला. तेथे निवडणूक जिंकणाऱ्याने सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांना वाटाव्यात अशी रीत होती. १८८१ साली नोकरी न मिळालेल्या गिटो नावाच्या इसमाने अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर १८८३ मध्ये परीक्षा घेऊन नेमणुका करण्याचा कायदा झाला. तोही आरंभी दहापैकी सुमारे एकाच जागेला लागू होता. मर्जी सुटता सुटत नाही ती अशी.

तर मग कारभार निर्विकार असावा, हेच खरे काय? वारस नोंदीचे पाहू. घरातला कर्ता गेला. मुले अर्ज देतात. तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद धरतो, संबंधितांना नोटिसा काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतो. मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतो. मुलांना वाटते, हा खेळखंडोबा कशाला? पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीलाही बापाच्या मालमत्तेत वाटा दिला आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीस आणले. अर्जात सासरी गेलेल्या बहिणीचे नाव नसेल, तर ते पंधरा दिवस तिच्यासाठी आहेत. समोर उभ्या असलेल्यावर दया करून नोंद झटपट उरकणारा कारकून समोर नसलेलीवर अन्याय करतो. नियमाचे डोळे गैरहजर माणसाकडे असतात. म्हणूनच तो आपल्याला कोरडा वाटतो.

तथापि याच पंधरा दिवसांचे पाच महिने होतात, तेव्हा नियम संपलेला असतो आणि त्याचा अंगरखा घालून आळस बसलेला असतो. महाराष्ट्राने २००५ साली कायदा केला की साधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक राहू नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरल्या मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. पण कायदा दिवस मोजू शकतो. म्हातारीला जवळ बसवून ‘आजी, एवढा एक दाखला कमी आहे’ असे सांगायला तो लावू शकत नाही. तेवढे खुर्चीतल्या माणसालाच करावे लागते, आणि त्याने नियमाचा एक काना-मात्राही ढळत नाही. निर्णय देताना त्याने माणूस पाहू नये. निर्णय सांगताना जरूर पाहावा.

आणि आपण? ‘साहेब ओळखीचे आहेत का?’ हा प्रश्न कचेरीच्या पायरीवर आपणच विचारतो. नियम शेजाऱ्याला असावा, सवलत आपल्याला, ही इच्छा कोणाच्या मनात नसते? भाऊबीजेला ताटात ओवाळणी पडेल, बहिणीचे डोळे भरून येतील. त्याच घरातल्या वारसांच्या अर्जात तिचे नाव आहे की नाही, हे मात्र तलाठ्याने नव्हे, भावाने आधी पाहायचे आहे.