शीग

आईच्या वहीत नानकटाईची कृती दीड ओळीची आहे. दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी थिजलेलं तूप, चिमूटभर सोडा, वेलदोडा. माझ्याकडच्या एका अमेरिकन केकची कृती चांगली दोन पानं भरेल. तिच्यात सव्वादोन कप मैदा आणि तीन अंडी आहेत. तो केक दोनदा केला आणि दोन्ही वेळा चहात बुडवून संपवावा लागला. तिसऱ्यांदा वजनकाटा काढला.

कप सरळ मैद्याच्या डब्यात बुचकळला, वरून सुरी फिरवली. १४८ ग्रॅम. तोच मैदा चमच्याने हलक्या हाताने कपात सोडला, सुरी तशीच फिरवली. १२२. सव्वादोन कपांना हा फरक साठ ग्रॅमच्या जवळ जातो, म्हणजे अर्धा कप मैदा मी नकळत जास्तीचा घालत होते. साखरेने असा दगा दिला नाही. कशीही भरा, कपाला २०० ग्रॅमच्या आसपासच. तिचे दाणे फारसे दबत नाहीत. मैद्यात हवा असते. डबा दोनदा आपटला की ती निघून जाते आणि पीठ खाली बसतं. मैदा चाळून मापायचा की मापून चाळायचा, याने पदार्थ बदलतो तो त्यामुळेच. आणि त्याच कपात मध ओतला तर तो ३४०च्या घरात जातो. वर अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा आणि ऑस्ट्रेलियाचा २५०चा, हे आणखी वेगळंच.

अमेरिकेतही आधी याहून ऐसपैस कारभार होता. कृतीत बिनदिक्कत ‘अंड्याएवढं लोणी’ लिहीत. बॉस्टनच्या पाकशाळेतल्या फॅनी फार्मर यांनी १८९६च्या आपल्या पुस्तकात कप आणि चमचा सपाटच भरायचा, असा आग्रह धरला. त्यांनी शीग उतरवली, हे मोठंच काम. पण कपाच्या आतली दाटी सुरीला कुठून कळणार? पायली-अधोलीने धान्य घेणाऱ्या आपल्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. शिगेचं माप की सपाट, आणि भरताना माप हलवायचं की नाही, यावरून खळ्यावर हुज्जत व्हायची.

सगळंच काट्यावर घालावं असंही नाही. पाव चमचा सोडा स्वयंपाकघरातल्या काट्याला धड जाणवतही नाही. तिथे चमचाच बरा.

नानकटाईचेही ग्रॅम लिहून ठेवावेत म्हणून आईला विचारलं, “यातली वाटी कुठली गं?”

“कुठलीही घे. सगळ्याला तीच घे म्हणजे झालं.”

मी जरा गप्पच झाले. तिच्या वहीत माप नव्हतंच, प्रमाण होतं. वाटी लहान घेतली तर नानकटाया कमी होतील, बिघडणार नाहीत. केकचं तसं नसतं. वाटी कुठलीही घ्या, अंडी तीनच राहतात, आणि तिथे सगळा हिशेब फिसकटतो.

तरी हट्टाने काटा तिच्यापुढे ठेवला. रोजची आमटीची वाटी घेतली. आधी मी तीनदा मैदा भरला : ९७, ८४, १०६. मग आईने भरला. वाटी तिरपी धरून डब्यात घातली, बोटाने कडेचं पीठ सारलं, काट्याकडे बघितलंही नाही. ८८. पुन्हा ८९. पुन्हा ८८.

“झालं का? तूप वितळायला लागलंय,” ती म्हणाली.

वहीत दोन वाट्यांपुढे मी १७६ लिहिलं.