यष्टिरक्षकाचें मोठेपण

क्रिकेटच्या इतिहासांत सर्वश्रेष्ठ यष्टिरक्षक-फलंदाज कोण, हा वाद घरोघरीं होतो आणि बहुधा एकाच नांवावर येऊन थांबतो. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅडम गिलख्रिस्टनें ९६ कसोटी सामन्यांत ५,५७० धावा केल्या, १७ शतकें झळकावलीं आणि यष्टींमागें ४१६ बळी टिपले. इतका पुरावा समोर असतां वाद कसला, असें कोणीहि म्हणेल. तथापि आम्हांस हा प्रश्न केवळ क्रीडेचा वाटत नाहीं. एकाच माणसाच्या अंगीं दोन गुण असावेत, त्यांतील एक मोजतां यावा व दुसरा येऊं नये, तर त्याचें मोठेपण कोणत्या मापानें ठरवावें, असा हा नीतिविचाराचा प्रश्न आहे.

फलंदाजाचें काम कागदावर उतरतें. त्याची एकहि धाव नोंदींतून सुटत नाहीं. यष्टिरक्षकाचें तसें नाहीं. त्यानें घेतलेला झेल नोंदला जातो, सोडलेला नोंदला जात नाहीं. दिवसभर प्रत्येक चेंडूस त्यानें बसावें, उठावें, आणि फलंदाजाची बॅट चुकलीच तर आपले हात जागेवर असावेत, एवढ्यासाठीं मन गुंतवून ठेवावें. या श्रमांची किंमत कधीं कधीं धावांच्या हिशेबांतच दिसते. श्रीलंकेच्या कुमार संगकाराची कसोटींतील सरासरी यष्टिरक्षण करीत असतां ४० च्या जवळपास राहिली, आणि तो भार उतरल्यावर ६६ हून अधिक झाली. झिंबाब्वेच्या अँडी फ्लॉवरनें दुबळ्या संघांत हा भार वाहून ५० हून अधिक सरासरी राखली, हें म्हणूनच विशेष. उलट इंग्लंडच्या लेस एम्सनें प्रथम दर्जाच्या सामन्यांत १०२ शतकें केलीं, आणि त्याचबरोबर ४१८ फलंदाज यष्टिचीतहि केले. यष्टिचीतांचा हा आंकडा आजवर कोणासहि गांठतां आलेला नाहीं. तेव्हां हे दोन गुण परस्परांचे वैरी आहेत असें मात्र नव्हे.

ज्याच्यापाशीं दुसरा गुण बेताचा असतो, त्याचें काय होतें? इंग्लंडचा बॉब टेलर पहिला कसोटी सामना १९७१ सालीं खेळला आणि दुसरा १९७७ सालीं. मधलीं वर्षें अ‍ॅलन नॉटचीं होतीं. यष्टींमागें टेलर सरस, असें म्हणणारे जाणते पुष्कळ होते. परंतु नॉटनें ९५ कसोटींत ४,३८९ धावा केल्या, आणि टेलरला उभ्या कारकीर्दीत एकहि कसोटी शतक करतां आलें नाहीं. आपल्या मुंबईचे नरेन ताम्हाणे २१ कसोटी खेळले व त्यांनी ५१ बळी टिपले. त्यांची फलंदाजीची सरासरी मात्र १० च्या आसपास होती. आजचा कोणताहि निवडकर्ता ती पाहून पुढील नांवाकडे वळेल.

निवडकर्त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. एका नेमणुकीच्या वेळीं आम्ही समितींत बसलों होतों. दोघां उमेदवारांपैकी एकाच्या छापील लेखांची यादी लांब होती. दुसऱ्याचा वर्ग शेजारच्या खोलींतून आम्हीं वर्षानुवर्षें ऐकला होता. मंद मुलालाहि तो कसा उभा करतो, हें आम्हांस ठाऊक होतें. यादी टेबलावर होती. ठाऊक असलेली गोष्ट टेबलावर नव्हती. आम्ही बोललों नाहीं.

न दिसणारा गुण तेवढा थोर आणि धावा क्षुद्र, असें म्हणणें हा भाबडेपणा होईल. सामना धावांनींच जिंकला जातो, आणि गिलख्रिस्टचे ४१६ बळी कांहीं दयेनें मिळालेले नाहींत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जो गुण नोंदला जात नाहीं, त्याला साक्षीदाराखेरीज आधार नसतो. चेंडू टाकणाऱ्यानें व शेजारीं उभे राहणाऱ्यानें तो सांगितला पाहिजे. संख्येनें गिलख्रिस्ट पहिला. परंतु दोन्ही मापें हातीं घेतलीं तर आम्ही नॉटकडे झुकतों, कारण त्याच्या हातांची वाखाणणी त्याच्या आंकड्यांइतकीच टिकली आहे.

१९८० च्या फेब्रुवारींत मुंबईस वानखेडे मैदानावर इंग्लंडची ५ बाद ५८ अशी दैना झाली असतां, यष्टींमागें झेल दिल्याबद्दल पंचांनीं टेलरला बाद ठरविलें. चेंडू बॅटला लागला नाहीं अशी भारताचा कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ याची खात्री होती. त्यानें टेलरला परत बोलाविलें. टेलर आणि बोथम यांनीं १७१ धावांची भागीदारी केली, टेलरनें त्या सामन्यांत दहा झेल घेतले, आणि भारत दहा गडी राखून हरला. धावफलकांत विश्वनाथच्या नांवापुढें त्या कृत्याबद्दल कांहींच लिहिलेलें नाहीं. त्यानें पाहिलें होतें, म्हणून तो बोलला. आम्हीं ऐकलें होतें, आणि आम्ही गप्प बसलों.