विचारणाऱ्याची वही

दुसऱ्याचे आयुष्य विचारून घेण्याचा आणि ते लिहून ठेवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हा प्रश्न आम्हांस कलकत्त्याच्या टिरेट्टा बाजारात पडला. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी समाज या शहराच्या आश्रयाने राहिला आहे. कातडी कमावणारे हक्का, सुतारकाम करणारे कँटनचे लोक, दात बसविणारे हुबेईकडचे, अशी त्याची जुनी ओळख. त्याची पुष्कळशी तरुण पिढी केव्हाच टोरांटोकडे निघून गेली, आणि मागे राहिलेल्या वृद्धांच्या जीवनकथा टिपून घेण्याची अभ्यासकांना घाई झाली आहे. घाई रास्तच आहे. माणूस गेला की त्याची गोष्टही जाते.

एका वृद्ध गृहस्थांसमोर आम्हीही वही उघडली. नाव काय, जन्म कोठला, वडील कोणत्या साली आले, नातलग कोठे असतात? त्यांचा चेहरा हळूहळू मिटत गेला. हेच प्रश्न, बहुधा याच क्रमाने, १९६२ साली त्यांच्या वडिलांना विचारले गेले असतील, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले. त्या वर्षी चीनशी युद्ध जुंपले आणि सुमारे ३००० चिनी वंशाच्या माणसांना, विशेषतः आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडच्या कुटुंबांना, आगगाडीने राजस्थानातील देवलीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. याच देशात जन्मलेली मुलेही त्यांत होती. शेवटची माणसे सुटावयास १९६७ साल उजाडले.

मग चौकशी करणारा आणि कथा जमविणारा यांत भेद कोणता? हेतूचा, असे उत्तर चटकन सुचते. पण हेतू आपल्या मनात असतो, समोरच्याला दिसते ती वही. आम्हांस वाटते, भेद आहे तो गाळण्याच्या मुभेचा. चौकशीत न सांगितलेले संशयास्पद ठरते. जीवनकथेत तेही सांगणाऱ्याच्याच मालकीचे असते. अर्थात, कोणी विचारूच नये असे आमचे म्हणणे नाही. रीता चौधरींनी माकुमच्या चिनी कुटुंबांचा माग काढला नसता, तर २०१० साली 'माकाम' ही असमिया कादंबरी आली नसती, आणि शेजारचे घर एका रात्रीत कसे रिकामे झाले याची पुढच्या पिढीतील अनेकांना वार्ताही लागली नसती. मौन पीडिताला जपते, तसे ते पीडा देणाऱ्यालाही सोयीचे पडते. येथे आमचे मन अजून डळमळते.

त्या दिवशी वही आम्ही पिशवीत घातली. तेव्हा प्रथमच त्यांनी विचारले, ''तुम्ही कुठले?''

''मराठी,'' आम्ही म्हटले.

''म्हणजे बर्गी!'' आणि ते मनापासून हसले.

मराठ्यांच्या भयाने १७४२ साली या शहराने खंदक खणावयास घेतला होता. बंगाली अंगाईगीतातला बर्गी अद्याप गेलेला नाही. आपल्या नावाचे ओझे दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे कसे असते, ते आम्हांसही थोडेसे कळले. मग चहा आला. वडिलांच्या दुकानातील चामड्याच्या वासाविषयी ते बराच वेळ बोलत राहिले. त्या वर्षाविषयी ते बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही.