घरचें मद्य आणि घरचा आग्रह

आमचे एक जुने विद्यार्थी बरींच वर्षें इंग्लंडांत, यॉर्कशायर परगण्यांत, राहत आहेत. तीन वर्षांपूर्वीं त्यांनीं घरीं फळांची वाइन करण्याचा छंद आरंभिला, आणि तेव्हांपासून त्यांच्या पत्रांतून हवापाण्याच्या जोडीनें या छंदाचीहि वार्ता आम्हांस मिळूं लागली. मद्याचें नांव निघतांच कानांवर हात ठेवणाऱ्या घरांत आम्ही वाढलों. तथापि हीं पत्रें आम्ही आवडीनें वाचीत आलों. मात्र त्यांच्या गेल्या पत्रांत एक प्रश्न होता, व त्यानें आम्हांस कित्येक दिवस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. तो प्रश्न वाचकांपुढें मांडण्यापूर्वीं या छंदाची रीत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कारण ती जाणल्यावांचून त्यांतील मोह कळावयाचा नाहीं.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास तिकडील शेतांच्या कुंपणांवर ब्लॅकबेरीचीं काळीं फळें पिकतात. नवशिक्यास तीं सोयीचीं. कारण फळ फुकट मिळतें, आणि हातून चूक झाली तरी साखरेपलीकडे फारसें कांहीं बुडत नाहीं. साडेचार लिटरच्या एका काचेच्या बुधल्यास सुमारें दोन किलो फळें व सव्वा किलो साखर लागते. भांडीं आधीं निर्जंतुक करावयाचीं, फळें चुरून त्यांवर उकळतें पाणी ओतावयाचें, आणि तें कोमट झालें कीं साखर व थोडें यीस्ट, म्हणजे किण्व, घालावयाचें. चारपांच दिवस रोज ढवळल्यावर रस गाळून बुधल्यांत भरतात व त्याच्या तोंडास पाणी भरलेली वांकडी नळी बसवितात. तिच्यांतून आंतील वायु बुडबुड्यांनीं बाहेर पडतो, पण बाहेरची हवा आंत शिरत नाहीं. कारण हवा मिळाली तर दुसऱ्या जातीचे जंतु मद्याचा सिरका करून टाकतात. मद्य कशानें बिघडतें याचा उलगडा करणारा ग्रंथ लुई पाश्चर यानें १८६६ सालीं प्रसिद्ध केला. आज घरगुती छंद करणारा त्याच ज्ञानावर विसंबून असतो. रसांत तरंगणारें घनतामापक आरंभीं १.०९० च्या आसपास आंकडा दाखवितें, आणि साखर संपली कीं तें १.००० च्याहि खालीं उतरतें. तेवढ्यावरून शेंकडा बारा भागांच्या सुमारास मद्यार्क झाला असें समजतें. पुढें गाळ तळाशीं बसूं द्यावयाचा, वरचा निवळ रस नळीनें दुसऱ्या बुधल्यांत काढावयाचा, आणि असें दोनतीन वेळां करून बाटल्या भरल्यावर वर्षभर वाट पाहावयाची. साखर शिल्लक असतां घाईनें बुचें मारलीं तर बाटल्या फुटतात.

या क्रियेंत आपल्या स्वयंपाकघरास परकें असें थोडेंच आहे. विरजण लावणें, आंबोळीचें पीठ आंबविणें, लोणचें मुरत ठेवणें हीं सारीं काळावर विश्वास टाकून करावयाचीं कामें आहेत. वैद्य लोक द्राक्षासव धायटीच्या फुलांनीं आंबवितात व त्यांतहि थोडा मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो. तें औषध आमच्या सोंवळ्या आजोबांनींहि घेतलेलें आहे. शिवाय एका बाटलीसाठीं जो वर्षभर थांबूं शकतो त्यास व्यसनी म्हणणें अन्यायाचें होईल. इंग्लंडांत स्वतःच्या उपयोगासाठीं घरीं वाइन करण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. तिच्या विक्रीस मात्र आहे. महाराष्ट्रांत १९४९ सालच्या दारूबंदी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा आहे, तेव्हां येथें या रीतीचें अनुकरण करावयाचें नाहीं हें स्पष्टच आहे. परंतु कायद्यानें जें मोकळें ठेविलें तें नीतीनेंहि मोकळें ठेविलें असें होत नाहीं, आणि आमच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

पहिली बाटली उघडावयाच्या दिवशीं त्यांनीं चारसहा स्नेह्यांस जेवावयास बोलाविलें. त्यांत आपल्याकडचेच एक गृहस्थ सपत्नीक आले होते. प्याला पुढें येतांच ते म्हणाले, “मी घेत नाहीं.” यजमान म्हणाले, “अहो, ही बाजारची नव्हे, घरची आहे. मीं स्वतः वेंचलेल्या फळांची. एक घोट तरी घ्या, नाहीं तर मला फार वाईट वाटेल.” गृहस्थ हंसले. त्यांच्या पत्नीनें मान खालीं घातली. दुसऱ्यांदां आग्रह झाला, तिसऱ्यांदां झाला, आणि त्यांनीं प्याला उचलला. त्या गृहस्थांनीं मोठ्या कष्टानें चार वर्षें मद्य वर्ज्य केलें होतें, हें यजमानांस पुष्कळ दिवसांनीं कळलें. त्या रात्रीनंतर कित्येक महिने तें घर पुन्हां दुःखांत होतें. “मला ठाऊक नव्हतें,” आमचे विद्यार्थी लिहितात, “मग यांत माझा दोष किती?”

याचीं दोन सोपीं उत्तरें आहेत. एक असें कीं, ठाऊक नव्हतें म्हणजे दोष नाहीं. दुसरें असें कीं, मनूनें सुरापानाची गणना महापातकांत केली ती उगीच नव्हे. वस्तुच दुष्ट, मग तिच्यापासून दुसरें काय निपजणार? पहिलें उत्तर यजमानास फार स्वस्तांत सोडतें, आणि दुसरें सारा दोष बुधल्यावर टाकून माणसास मोकळें करतें. मिल्लनें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत मद्याचा विचार करतांना प्रौढ मनुष्याची निवड त्याचीच असा पक्ष घेतला आहे, व तो आम्हांस सामान्यतः मान्य आहे. पण निवड त्याची म्हणावयाची तर ती करण्यास त्यास मोकळीक हवी. त्या पंक्तींत ती होती काय?

१९०८ सालीं पुण्यांत टिळकांच्या पुढाकारानें दारूच्या दुकानांपुढें स्वयंसेवक उभे राहिले. दुकानापुढें उभें राहतां येतें. स्नेह्याच्या पानापुढें कोण उभें राहणार? दुकानदाराची बाटली नाकारतांना कोणासहि संकोच वाटत नाहीं. घरच्या बाटलींत मात्र करणाऱ्याचे हात, त्याचें एक वर्ष आणि त्याचा लोभ भरलेला असतो. ती नाकारणें म्हणजे त्यालाच नाकारणें असें होऊन बसतें. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या नाटकांत सुधाकराच्या हातीं पहिला प्याला देणारा तळीराम हा दुकानदार नव्हे. तो जवळचा माणूस आहे, आणि दुःखांत दिलासा म्हणून तो प्याला पुढें करतो.

त्यांतून आपल्या समाजांत आग्रह हा यजमानाचा धर्मच मानला आहे. पाहुण्याचें पहिलें ‘नको’ हा विनय, दुसरें ‘नको’ हा संकोच. तिसऱ्या नकारानंतर आपण ऐकावयास लागतों, आणि तेव्हांहि वाढणें थांबवीत नाहीं. मधुमेहाच्या माणसाच्या पानांत आम्ही स्वतः जिलबी वाढली आहे आणि त्याच्या मुकाट्यानें खाण्यास प्रेमाची पावती समजलों आहों. शतकानुशतकें चालत आलेल्या या रीतीनें आपल्या कानांस नकार ऐकूं येईनासा झाला आहे.

आणि हा आग्रह खरोखर कोणासाठीं असतो? आमच्या विद्यार्थ्यांनीं वर्षभर जपलेल्या रसाची वाहवा त्यांस हवी होती. तो प्याला पुढें करतांना आपण कांहीं देत आहों असें त्यांस वाटलें. वास्तविक ते मागत होते. असें मागण्यांत पाप नाहीं, पण मागणाऱ्यानें नकार ऐकावयास हवा. पाहुण्याचें पूर्ववृत्त ठाऊक नसणें हा त्यांचा दोष नव्हे. मनुष्य ‘नाहीं’ कां म्हणतो हें आपणांस बहुधा ठाऊक नसतेंच, आणि म्हणूनच त्याचें पहिलें ‘नाहीं’ पुरेसें मानावयाचें असतें. कारण विचारलें कीं त्यानें एक तर आपली जखम उघडी करावी, नाहीं तर खोटें बोलावें, अथवा प्याला उचलावा, एवढेच मार्ग आपण त्यास ठेवतों.

आम्ही त्यांस असें उत्तर लिहिलें कीं, बुधला फोडण्याचें कारण नाहीं. पण यापुढें वाइन विचारावयाची ती एकदांच, आणि तिच्या शेजारीं तितक्याच चांगल्या प्याल्यांत सरबत ठेवावयाचें. म्हणजे तें उचलणाऱ्यास कोणी ‘कां?’ विचारणार नाहीं. दोष किती याचें माप आम्हांपाशीं नाहीं. असतें तरी तें त्या गृहस्थांच्या घरीं जाण्याऐवजीं उपयोगीं पडलें नसतें. तेव्हां आधीं तेथें जावें, आणि ‘मला ठाऊक नव्हतें’ हें वाक्य वगळून बोलावें.

ते गेल्याचें पत्र परवां आलें. दार त्या गृहस्थांच्या पत्नीनें उघडलें, आणि चहा घेणार काय असें विचारलें, एकदांच.