वसंतातील रान

चित्र पाहणे हा केवळ नेत्रांचा विलास होय, असे मत पुष्कळदा ऐकू येते. आम्हांस ते पटत नाही. रशियन चित्रकार इसाक लेवितान याने १८९७ साली रंगविलेले वसंतातील रान पाहावे. ते चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. बर्फ वितळून पाणी रानात शिरले आहे. भूर्जवृक्षांची (त्यांच्याच कुळातील वृक्षांच्या सालीवर काश्मिरात पोथ्या लिहिल्या जात) कृश खोडे निश्चल पाण्यात उभी आहेत. काठाशी एक रिकामी होडी. माणूस कोठेच नाही. त्यामुळे पाहणाराच तेथे एकटा उरतो. त्या काळी लेवितान हृदयविकाराने जर्जर झाला होता. १९०० साली तो निवर्तला. चित्रात मात्र विलाप नाही. आयुष्य सरत असता वसंताकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न त्या होडीपाशी आम्हांस थांबवून धरतो.