मधमाशीचे दोन धडे आणि गुरुवारचे दोनशे रुपये



आजचं वाचन एकनाथी भागवत, अध्याय आठवा. यदुराजाला अवधूत आपले चोवीस गुरू एकेक करून सांगतो आहे. अजगर झाला, समुद्र झाला, पतंग झाला. आज मधमाशी.

मधमाशीकडून अवधूत जे शिकला, त्यातली पहिली गोष्ट आपल्या सगळ्यांना आवडते. ती प्रत्येक फुलातून थोडंथोडंच घेते, फुलाला इजा करत नाही. तसं संन्याशाने एकाच घरावर भार न टाकता दारोदारी घासभर मागावं. 'माधुकरी' हा शब्द इथलाच. पुण्यात एकेकाळी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून शिकायचे, किंवा वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणालाच ओझं नाही आणि पोरगं शिकून मोठं व्हायचं.

दुसरी गोष्ट मात्र उलटी. साठवू नकोस, म्हणतो. संध्याकाळसाठी नको, उद्यासाठीही नको. साठवणारी माशी साठ्यासकट जाते.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. खरं सांगतो, तो आनंद भक्तीचा नव्हता, सोयीचा होता. पगार पंचवीस तारखेपर्यंत कधी पुरला नाही, पण 'आपण काय, माऊलींची लेकरं, उद्याचं विठ्ठल बघेल' असं म्हटलं की मन कसं हलकं व्हायचं. शनिवारचं बाहेरचं जेवण, हप्त्यावरचा फोन, आणि वर वैराग्याच्या गप्पा!

मग एका महिन्याच्या बावीस तारखेला बाबांचा फोन आला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. म्हणाले, "अरे, तुझ्याकडे बारा हजार होतील का? पुढच्या महिन्यात देतो." मला नोकरी लागल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच मागितलं होतं, आणि तेही 'देतो' म्हणून. माझ्या खात्यात तेवीसशे रुपये होते. मी दोन-तीन सेकंद काही बोललो नाही. तेवढ्यावरून त्यांना कळलं. "राहू दे, मी बघतो," म्हणाले, आणि लगेच इकडचं पाणी-पावसाचं विचारू लागले.

बाबांनी पिग्मी मोडली. त्यांचं छोटं दुकान आहे, पतसंस्थेचा एजंट रोज संध्याकाळी येतो, वीस-तीस रुपये घेऊन पुस्तकात लिहून जातो. लहानपणी मला त्या वीस रुपयांचं हसू यायचं. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याज गेलं, पण ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. ज्या माणसाने कधी भागवताचं पान उलटलं नाही, त्याने फुलाफुलातून थोडंथोडं घेऊन ठेवलं होतं. आणि रोज चिंतन लिहिणारा मी रिकाम्या हाताने बसलो होतो.

त्यानंतर आठवा अध्याय पुन्हा नीट वाचला. माझी चूक सरळ होती. साठवू नकोस हे अवधूत भिक्षूच्या धर्माबद्दल बोलतो आहे. ज्याला घर नाही, ज्याच्यावर कुणी अवलंबून नाही, त्याच्याबद्दल. समोर ऐकायला बसलेला यदु तर राजा आहे, त्याला तो खजिना लुटवून टाक असं सांगत नाही. मी संन्याशाची सूट घेतली होती आणि संन्याशाचं कष्टाचं जगणं मात्र सोडून दिलं होतं. (असे संन्यासी आपल्या ग्रुपवर बरेच आहेत, नावं घेत नाही.)

आणि गृहस्थाच्या साठवण्यात दोष नेमका कुठे, हेही याच स्कंधात आहे. पुढे तेविसाव्या अध्यायात अवंतीचा एक धनवान ब्राह्मण येतो. नाथ त्याला कदर्यु म्हणतात. तो ना पाहुण्याला घालायचा, ना बायकापोरांना, ना स्वतः धड खायचा. शेवटी ते धन नातलगांनी, चोरांनी, राजाने, काळाने नेलं. मधाचं पोळंही असंच जातं. म्हणजे मध गोळा करणं हे पाप नव्हे. जो कुणाच्याच मुखी लागत नाही, त्या मधाची ही गोष्ट आहे. बाबांचा मध आईच्या डोळ्याला लागला.

भागवताच्या आठव्या स्कंधात शुक्राचार्य बळीराजाला धनाचे पाच वाटे सांगतात: धर्मासाठी, कीर्तीसाठी, धन वाढवण्यासाठी, स्वतःच्या सुखासाठी आणि आपल्या माणसांसाठी. गंमत अशी, की हा सल्ला ते दारात आलेल्या वामनाला दान देऊ नये म्हणून देतात, आणि बळी तो ऐकत नाही. तेव्हा तिथे तो चुकीच्या वेळी दिलेला सल्ला होता. पण सल्ला म्हणून वाईट नाही. मी माझे पाच वाटे मांडून बघितले. चौथा वाटा सगळ्यांचं गिळून बसला होता.

आता मी काय करतो ते सांगतो, कारण गेल्या वेळी कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी 'प्रत्यक्षात कसं?' असं विचारलं होतं. आधी महिन्याला दोन हजार ठरवले होते. तिसऱ्या महिन्यात मोडलं. महिन्याअखेर जे उरेल ते टाकू म्हटलं, तर उरत काहीच नाही, तुम्हालाही माहितीये. मग गुरुवार धरला. गुरुवार आपण दत्ताचा म्हणून पाळतोच. सकाळची आरती झाली की दोनशे रुपये दुसऱ्या एका खात्यात टाकायचे, चहाच्या आधी. त्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही, कार्ड घेतलेलं नाही. काढायचे तर बँकेत जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. तेवढ्यात मन शुद्धीवर येतं!

दोनशे गुणिले बावन्न, वर्षाचे दहा हजार चारशे. आईच्या ऑपरेशनलाही पुरले नसते. पण त्या फोनवर मी गप्प बसलो नसतो. कुणाला पन्नास जमत असतील तर पन्नास. पोस्टाची आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून सुरू होते, म्हणजे आठवड्याला पंचवीस बाजूला ठेवले तरी चालतं. १९२८ साली उडुपीला पुढे सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेने पिग्मी ठेव सुरू केली, तेव्हा एजंट दारात येऊन रोज दोन आणे न्यायचा. ज्यांना बँकेची पायरी चढायचा संकोच वाटे, अशांसाठी होतं ते. आणि ज्यांचा पगार घरी पाठवण्यातच संपतो, त्यांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये. तुमचा पाचवा वाटा आधीच भरलेला आहे.

एक सांगायचं राहिलं. हे देवाशी सौदा म्हणून करू नका. 'गुरुवारी पैसे टाकले की दत्त महाराज दुप्पट करतात' असला मेसेज कुणी पाठवला तर पुढे ढकलू नका.

आणि चुकलेल्या गुरुवारांचं. माझे एकतीसपैकी चार चुकले. पहिला चुकला तेव्हा मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं, 'आपल्याच्याने होणार नाही' म्हणून. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाबद्दल भगवंत सांगतात की चंचल मन जिथे जिथे पळेल, तिथून तिथून त्याला परत आणावं. पळालं म्हणून आसन मोडून उठ, असं ते कुठे म्हणत नाहीत. उपास चुकला तर आपण पुढच्या गुरुवारी दोन उपास करत नाही, एकच करतो. तेव्हा पुढच्या गुरुवारी चारशे नाही टाकले. दोनशेच टाकले.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. आई आता ओवीचे बारीक टाइप चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न करते, डॉक्टरांनी नको म्हटलं तरी. संध्याकाळी पिग्मीचा एजंट आला. बाबांनी नवीन पुस्तक काढलंय, पुन्हा पहिल्या पानापासून. मी खिशात हात घातला तर म्हणाले, "तुझं तू तिकडे टाक."

उद्या पुढचा गुरू, हत्ती. तोही आठव्याच अध्यायात आहे, वाचून या.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥